सिल्व्हियाच्या फळ्या

आमच्या घरी सवत नांदत होती. तिचं नाव सिल्व्हिया. दोन दारांची, चंदेरी, आणि जमिनीला इतकी लागून की सिगारेटचं पाकीट तिच्या पोटाखालून आडवंच सरकायचं. सरकारी तपासणीला ते उभं मावावं लागतं. म्हणून तपासणी आली की तामोत्सु तिला थोडे दिवस वर उचलायचा आणि शिक्का मिळाला की परत खाली बसवायचा. तेवढे दिवस त्याचं तोंड उतरलेलं असायचं आणि घरात कुणी मोठ्याने बोललेलं त्याला चालायचं नाही.

तामोत्सु सुगाया माझा नवरा. जपानमधल्या नुमाता गावात वरच्या आळीला आमचं गाड्यांचं दुकान आहे, दुकानामागे घर. आमच्याकडे लोक बिघडलेली गाडी आणत नाहीत. चांगली चालती गाडी आणतात आणि म्हणतात, हिला बदला. स्प्रिंगा आखूड करा, चाकं रुंद करा, पुढे बंपरखाली ओठ लावा, मागे पंख लावा, सायलेन्सर मोठ्या गळ्याचा बसवा. नाव सायलेन्सर, पण आमच्याकडे बसवला की शेजारची पोरं झोपेतून उठायची. माझी आई विचारायची, "अगं, पण त्या गाडीचं बिघडलं काय होतं?" तिला मी शेवटपर्यंत समजावू शकले नाही. खरं सांगायचं तर बरीच वर्षं मलाही समजलं नव्हतं.

या मंडळींचं एक माप असतं. टायर आणि चाकावरचा पत्रा यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते बघायचं. दोन मावली तर माणूस नवशिका. एक मावलं तर ठीक. एकही मावलं नाही तर लोक वाकून बघतात आणि मान हलवतात. सिल्व्हियात कुणाचंच बोट शिरलं नव्हतं. तामोत्सु दुसऱ्यांच्या गाड्यांपाशी उकिडवा बसायचा, बोट घालायचा आणि असं काही बोलायचा की समोरच्याचा पार पालापाचोळा व्हायचा. शेजारच्या गावच्या कितात्सुमेचंही असंच एक दुकान. त्याची गाडी दोन बोटांची. "याखालून मांजर जाईल रे," असं हा त्याला चारचौघांत म्हणाला, तेव्हापासून कितात्सुमे आमच्या दुकानाची पायरी चढला नाही.

आता इतकी खाली बसलेली बाई आमच्या अंगणात शिरायची कशी? रस्ता संपून अंगण सुरू होतं तिथे दगडाची उंच कड आहे. साधी गाडी टुणकन चढते, सिल्व्हियाचं पोट घासायचं. म्हणून दोन फळ्या होत्या, देवदाराच्या, चांगल्या जाड. एकेका चाकाखाली एकेक. खालच्या वळणावर तिचा आवाज आला की मी हातातलं टाकून बाहेर पळायचे, फळ्या टाकायचे, गाडी आत आली की फळ्या उचलून भिंतीला लावायचे. भात उतू गेला, फोन वाजत राहिला, बर्फात बोटं बधिर झाली. एकदा तर अंगात सणसणून ताप होता. पण फळ्या टाकायच्या म्हणजे टाकायच्या. आणि आत आल्यावर आमचा राजा पहिल्यांदा काय करायचा? उतरून वाकायचा आणि पुढच्या ओठाला ओरखडा पडला का ते बघायचा.

त्या गाडीत बसायचं भाग्य मला नव्हतं. बाजूची सीट वजन कमी करायला त्याने काढूनच टाकली होती.

"अहो, मी काय एवढी जड आहे?" मी विचारलं होतं.

"तू नाहीस. सीट जड आहे," तो म्हणाला.

त्याच्या मानाने ते कौतुकच होतं, म्हणून मी ते जपून ठेवलं.

दोन वर्षांपूर्वी, सफरचंदं उतरवायच्या दिवसांत, त्याला अर्धांगाचा झटका आला. डाव्या हाताची मूठ मिटली ती उघडेना. डावा पाय गेला. आणि आवाज. चालू इंजिनाच्या वरताण दुकानाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा तो आवाज घशातच विरायला लागला. शब्द सगळे शाबूत होते, पण हळू यायचे, जिभेला अडखळत. त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागायचा.

दवाखान्यातून चाकांच्या खुर्चीत घरी आणला तेव्हा दारातल्या पायरीशी आम्ही अडलो. मी इकडेतिकडे पाहिलं, भिंतीला टेकलेल्या त्या दोन फळ्या उचलल्या आणि पायरीवर टाकल्या. खुर्ची आत गेली. तो मान वळवून त्या फळ्यांकडे बराच वेळ बघत राहिला.

मग सुरू झालं ते खिडकीशी बसणं. म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्राची गाडी न्यायला यायची, मागून खुर्ची वर उचलायची आणि पट्ट्यांनी आवळून बांधायची. दोनदा गेला. तिसऱ्यांदा ड्रायव्हर पट्टा आवळायला लागला तर म्हणाला, "मी सामान नाही." त्यानंतर घराबाहेर पाऊल नाही. दुकान भिंतीपलीकडे, तिकडेही नाही. जुनी गिऱ्हाइकं भेटायला आली की झोपेचं सोंग. काडीवर टोचून, मिसोची खारट-गोड चटणी चोपडून भाजलेले मांजू, म्हणजे पिठाचे फुगीर गोळे, त्याला जीव की प्राण, ते मी कोपऱ्यावरून गरम गरम आणायचे, तर एक तुकडा खाऊन काडी बाजूला ठेवायचा. माझ्या डोळ्यांदेखत माणूस विझत चालला होता आणि मला काही सुचत नव्हतं.

वसंतात सिल्व्हियाच्या तपासणीची मुदत संपणार होती. मी विचारलं, "न्यायची ना?"

"भंगारात दे," तो म्हणाला.

जन्मभर त्या गाडीला मी पाण्यात पाहिलं, पण भंगारवाल्याला फोन करायला माझा हात उठेना. ती अंगणातून गेली की हाही गेला, एवढं मला स्पष्ट दिसत होतं. मी मनाशी ठरवलं, भंगारवाला येण्याआधी याला एकदा तिच्यात बसवायचं आणि त्याच्या माणसांत घेऊन जायचं. मग पुढचं पुढे.

पण बसवणार कसं? खुर्ची उंच, आणि सिल्व्हियाची सीट माझ्या पोटरीला लागेल एवढ्यावर. एकदा आत ढकलला तर जाईल, बाहेर कोण काढणार? मी तिघांना निरोप धाडला. फुकामी सायलेन्सरच्या नळ्या जोडतो, अंगाने भक्कम आणि डोळ्यांनी हळवा. होसाका स्प्रिंगा आणि चाकांचा माणूस, त्याला सगळंच येतं असं त्याचं मत आहे. माचिको इवासे पत्रा, फायबर आणि रंगाचं काम करते, तिच्या जिभेला मात्र रंगकाम नाही. तिघंही तामोत्सुच्या हाताखाली शिकलेले. आता पन्नाशी उलटली, स्वतःची दुकानं झाली, तरी उस्ताद समोर असला की तिघं उभेच राहतात.

मी त्यांना चहा दिला आणि सरळ सांगितलं, "खुर्चीची उंची आणि गाडीच्या सीटची उंची एक करून द्या. मग सरकत जाता येईल आणि सरकत येता येईल."

"बस एवढंच?" होसाका म्हणाला. "वहिनी, तुम्ही निर्धास्त राहा."

पुढच्या आठवड्यात तिघं टेम्पो घेऊन आले. मागे ताडपत्रीखाली काहीतरी होतं. माचिकोने ताडपत्री ओढली आणि मी बघतच राहिले. कुठून तरी एक जुनी चाकांची खुर्ची विकत आणली होती आणि तिचे पाय कापून तिला जमिनीला टेकवली होती. चाकं लहान, रुंद, वरून आत कललेली. रंग सिल्व्हियाचाच चंदेरी, आरशासारखा घोटलेला. आणि पाठीमागे हातभर रुंद पंख.

"हे काय आहे?"

"उंची एक केली," होसाका छाती काढून म्हणाला. "सीटच्या बरोबरीला आणली. सुताचाही फरक नाही."

"अरे बाबांनो, पण गाडी वर करायची ना!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी देवळात चपला घालून शिरले असते तरी त्यांचे चेहरे असे झाले नसते.

"वर?" फुकामी म्हणाला. "सिल्व्हिया? वर?"

खोटं नाही सांगत, त्यांच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. जन्मभर तिघांना एकच दिशा ठाऊक, खाली.

माचिको आत गेली आणि तामोत्सुसमोर उभी राहिली. "उस्ताद, आम्ही एक वस्तू केलीय. वहिनींना पसंत नाही. तुम्ही बसून बघा आणि शिव्या घाला."

शिव्या घालायचं आमंत्रण त्याला कुणी बऱ्याच दिवसांत दिलं नव्हतं. त्याने मान हलवली. होसाका आणि फुकामीने त्याला उचलून त्या खुर्चीत ठेवला. माचिकोने आधी ती जेवणाच्या टेबलाशी नेली. त्याची हनुवटी टेबलाला टेकली आणि सूपची वाटी नाकासमोर आली. तो त्या वाटीकडे बघत राहिला. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"टेबलाचं बघू नंतर," होसाका घाईने म्हणाला, "चाल तर बघा हिची," आणि त्याने खुर्ची दाराकडे पळवली. दारात माझ्या फळ्या होत्या. खुर्ची फळ्यांच्या टोकाशी पोचली, पुढची चाकं उतरली आणि खालून आवाज आला, खर्रर्र. पोट घासलं. खुर्ची उंबऱ्यावर बसली ती ना पुढे जाईना, ना मागे येईना.

तो आवाज आमच्या घरात कुणाला ओळखता येत नाही? आणि मग होसाका, ज्याचा उस्ताद उंबऱ्यावर अधांतरी लटकलेला होता, तो खुर्चीसमोर पालथा पडला आणि खाली डोकावून म्हणाला, "ओरखडा पडला काय?"

तामोत्सु हसला. आधी नुसते खांदे हलले, मला वाटलं त्याला ठसका लागला. मग घशातून आवाज फुटला, वाकडा, एका बाजूचा, पण हसण्याचाच. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. फुकामी तर कधीचाच रडत होता. मी भिंतीला धरून उभी राहिले. झटका आल्यापासून मी हे ऐकलं नव्हतं, आणि पुन्हा ऐकायला मिळेल ही आशाही सोडली होती. त्या क्षणी त्या तिघा वेड्यांचे पाय धरावेसे वाटले मला.

हसणं ओसरल्यावर त्याने उजव्या हाताने होसाकाला जवळ बोलावलं. होसाकाने कान पुढे केला.

"काय म्हणाले?" माचिकोने विचारलं.

"गाढवं म्हणाले," होसाकाने सांगितलं. "म्हणाले, गाडी वर करा."

दुसऱ्या दिवसापासून तो दुकानात यायला लागला, साध्या खुर्चीत, गुडघ्यांवर पांघरूण घेऊन. तो पुटपुटायचा आणि माचिको ते मोठ्याने सांगायची. शिव्यांसकट सांगायची, त्यात ती दोन स्वतःच्या घालायची असा मला संशय आहे. होसाकाने स्प्रिंगा वर घेतल्या. रुंद चाकं उतरवून जाड रबराची साधी चाकं चढवली. खुर्ची दाराला भिडावी म्हणून माचिकोने दाराखालची फायबरची झालर काढली, जी तिनेच रात्रंदिवस घासून बसवली होती.

"पंख पण काढू का, उस्ताद?"

"हात लावून बघ," तो म्हणाला, आणि हे मला लांबूनही ऐकू आलं.

राहिली बाजूची सीट. मला वाटलं, आता ती कुठून पैदा करायची. तामोत्सुने उजव्या हाताचं बोट माळ्याकडे केलं. फुकामी शिडी लावून चढला आणि एक मोठं गाठोडं घेऊन खाली आला. माझ्याच माहेरचं जुनं पांघरूण, जे हरवलं म्हणून मी घर उलथंपालथं केलं होतं. आत सीट होती, कोरी करकरीत, एक डाग नाही. जड म्हणून काढली होती, पण टाकली नव्हती. मी काही बोलले नाही. पांघरुणाबद्दल मात्र बोलले.

सगळं जुळलं तेव्हा खुर्ची आणि सीट एका पातळीत आली. होसाकाने मधे घोटलेली एक लहान फळी टाकली, तामोत्सुने उजव्या हाताने जोर लावला आणि सरकत सरकत तो आत गेला. कुणी उचलला नाही, कुणी बांधला नाही. स्वतः गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. फुकामीने आनंदाच्या भरात किल्ली फिरवली.

सिल्व्हिया गरजली. दुकानाचे पत्रे थरथरले. तामोत्सु माझ्याकडे वळला आणि काहीतरी म्हणाला. मी खिडकीतून आत वाकले. ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. "काय?" मी ओरडले. त्याने पुन्हा सांगितलं, मानेच्या शिरा ताणून, चेहरा लाल करून. तरी नाही. तिसऱ्यांदा त्याने तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. मग उजव्या हाताने खूण केली, बाहेर काढा. खुर्चीत आला, पांघरूण ओढून घेतलं आणि म्हणाला, "भंगारात."

आता काय करायचं? एवढं सगळं करून घोडं पुन्हा तिथेच.

फुकामीने कुणाला काही विचारलं नाही. त्याने गाडी वर उचलली आणि खाली शिरला. तो सायलेन्सर म्हणजे फुकामीने तामोत्सुच्या हाताखाली स्वतंत्रपणे जोडलेलं पहिलं काम. लांबलांबून लोक तो आवाज ऐकायला यायचे आणि हा मान खाली घालून लाजायचा. तो त्याने कापला. त्या जागी जाड पोटाचा, आतून तीन पडद्यांचा एक ठोकळा बसवला, दिसायला अगदी गबाळा. मी चहा घेऊन गेले तर याचा चेहरा ओला.

"रडत नाहीये, वहिनी. धूर गेला डोळ्यांत."

"धूर मला दिसला असता रे," मी म्हटलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तामोत्सु पुन्हा बसायला तयार नव्हता. माचिको त्याच्यापुढे उकिडवी बसली. "उस्ताद, फुकामीने स्वतःचा सायलेन्सर कापलाय. आता तुम्ही नाही बसलात तर मी त्याला आयुष्यभर कसा गप्प करू?" यावर तो हुंकारला आणि फळीवरून सरकला. फुकामीने किल्ली फिरवली. तो वाट बघत राहिला, मग वैतागून हळूच म्हणाला, "चालू कर ना."

"चालूच आहे, उस्ताद," फुकामी म्हणाला.

आम्ही पाचही जणांनी ते तीन शब्द ऐकले होते. सगळ्यांना ते एकदमच कळलं. तामोत्सुने आपल्या गळ्याला हात लावला आणि तो तसाच धरून बसला.

मी विचारलं, "अहो, त्या दिवशी काय सांगत होता?"

"नंतर," तो म्हणाला.

तपासणीत ती एका फटक्यात पास झाली. कुणी खाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. आणि बर्फ वितळल्यावरच्या पहिल्या रविवारी, सकाळी, मी तिला डोंगरावर घेऊन निघाले. हो, मीच. दुकानाचा छोटा ट्रक मी जन्मभर चालवला आहे, गिअर मला नवे नाहीत. पण आमच्या साहेबांना ते कसं पटणार?

"दुसरा," पहिल्या वळणावर तो म्हणाला.

"टाकते."

"तिसरा. अगं, भात ढवळतेस का?"

"अहो, चालवू द्या मला नीट."

मी कपाळाला आठ्या घालून बोलत होते आणि आतून सुखाने भरून आले होते. किती दिवसांनी मला कुणीतरी टोचून बोलत होतं, आणि प्रत्येक शब्द मला ऐकू येत होता.

वर तळ्याकाठी त्याची सगळी मंडळी दर वर्षी त्या दिवशी जमतात. गाड्या रांगेत लावलेल्या, सगळ्या जमिनीला चिकटलेल्या. त्या रांगेत मी सिल्व्हिया उभी केली तेव्हा तिचा टप सगळ्यांच्या टपांच्या वर दिसत होता. कुणी पुढे येईना. उस्तादाची गाडी ओळखू तर आली, पण तिच्याकडे बघायचं की नजर वळवायची हे कुणाला कळेना. तामोत्सुची उजवी मूठ गुडघ्यावर आवळलेली होती. मला वाटलं, चुकलंच. उगाच आणला.

त्याने काच खाली केली. "काय बघताय? मोजा."

रांगेच्या टोकाकडून कितात्सुमे आला. केस पांढरे, चालताना कमरेवर हात. गाडीपाशी उकिडवा बसताना त्याचे गुडघे वाजले ते मला आतून ऐकू आले. त्याने चाकावर एक बोट घातलं, दोन घातली, मग अख्खा पंजा आत गेला.

"मांजर काय," तो म्हणाला, "रानडुक्कर जाईल याखालून."

"जाऊ दे," तामोत्सु म्हणाला. "त्यालाही घर असेल."

मग जो हशा उठला तो तळ्यापलीकडे पोचला असेल. सगळे येऊन भोवती गोळा झाले. कितात्सुमे गाडीला धरून उठायचा प्रयत्न करत होता, ते त्याला जमेना, शेवटी तामोत्सुने खिडकीतून उजवा हात पुढे केला. तो हात धरून कितात्सुमे उठला आणि तसाच धरून उभा राहिला.

"सुगाया," तो जरा आवाज खाली करून म्हणाला, "सकाळी गाडीतून उतरायला मला बायकोला हाक मारावी लागते. माझी पण एवढी वर करून देशील?"

"रांगेत ये," तामोत्सु म्हणाला.

मागे दोघातिघांनी हळूच घसे खाकरले. सगळेच साठीचे, सगळ्यांचेच गुडघे गेलेले, आणि कुणीही कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवसापासून आमच्या दुकानात म्हाताऱ्यांच्या गाड्या वर करायचं काम सुरू आहे. तामोत्सु खुर्चीत बसून सांगतो, होसाका करतो. तो चंदेरी पंखवाला नमुना दारात ठेवला आहे, त्यात पोरं बसून फोटो काढतात.

पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारचं. दुपारी परतलो. खाली गावात मांजूच्या दुकानाशी थांबून मी चार घेतले. तीन त्याने खाल्ले. तोंडाला मिसो फासलेला, तो पुसायचं भानही नाही. आमच्या आळीत शिरलो आणि अंगणाच्या कडेपाशी मी गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला, पट्टा सोडला, दार उघडून एक पाय बाहेर टाकला.

"कुठे?" त्याने विचारलं.

"फळ्या टाकायला."

"गाडीला नकोत आता," तो म्हणाला. "त्या माझ्या आहेत."

माझं मलाच हसू आलं. किती वर्षांची सवय. मी पाय आत घेऊन दार लावणार, एवढ्यात त्याने उजवा हात माझ्या हातावर ठेवला.

"त्या दिवशी... आवाजात... हेच सांगत होतो."

शब्द गोळा करायला त्याला वेळ लागतो. मी थांबले. इंजिन चालू होतं आणि त्याचा काहीही त्रास होत नव्हता.

"बर्फात... तापात... तू फळ्या टाकल्यास. मी उतरून ओठ बघायचो. तुला नाही बघितलं." त्याने श्वास घेतला. "किनुए, आभारी आहे मी तुझा."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हा शब्द त्याच्या तोंडून मी गिऱ्हाइकांसाठी ऐकला होता, माझ्यासाठी कधी नाही. मला त्याची गरज आहे असंही मला कधी वाटलं नव्हतं. पण आला तेव्हा कळलं की होती. आणि तो मला ऐकू आला, कारण एका माणसाने आपला सगळ्यात लाडका सायलेन्सर कापला होता. मी त्या फुकामीला, होसाकाला, माचिकोला मनातल्या मनात हात जोडले. माझ्या सवतीलाही जोडले. इतकी उंच होऊन, झालर उतरवून, गप्प बसून तिने माझा माणूस मला परत आणून दिला होता.

मला समोरचं काही दिसेना. मी बाहीने डोळे पुसत बसले.

"पहिला टाक," तो म्हणाला.

"टाकते हो. थांबा जरा."

मी पहिला टाकला. सिल्व्हिया कड चढली आणि अंगणात आली. कुठेच काही घासलं नाही.